टेबलावर फिरणारी चकती थांबताना जास्त जोरात का घुमते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही नेमकी कोणती हालचाल आहे?

नाणं उभं धरून टिचकी मारली की ते आधी उभ्या व्यासाभोवती गरगर फिरतं. मग कलतं, आणि कडेवर टेकून डगमगत फिरू लागतं. कल कमी होत जातो तसा आवाज भरभर आणि बारीक होत जातो आणि एका क्षणी सगळं थांबतं. स्टीलचं ताट हातातून फरशीवर निसटलं की जो आवाज घर डोक्यावर घेतो, तो याच हालचालीचा.

या पानावर भर आहे तो दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे कललेली चकती कडेवर घरंगळते त्यावर. तो टप्पा मिनिटभराहून जास्त पाहता यावा यासाठी १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जोसेफ बेंडिक यांनी जड, क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी चकती बनवली आणि तिला लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाचं नाव दिलं. घन वस्तूंच्या फिरण्याची समीकरणं ऑयलर यांनी अठराव्या शतकात मांडली होती.

ऊर्जा कमी होत असताना वेग कसा वाढतो?

चकती वेगाने फिरत नसते, तिचा स्पर्शबिंदू वेगाने फिरत असतो. या विषयातला बहुतेक गोंधळ या दोन वेगांची सरमिसळ केल्यामुळे होतो.

चकतीचा मध्य जागेवर स्थिर आहे आणि ती न घसरता घरंगळते आहे असं धरा. ज्या क्षणी पाहाल त्या क्षणी मध्यही स्थिर आणि टेबलाला टेकलेला बिंदूही स्थिर. म्हणजे चकती त्या क्षणी या दोन बिंदूंना जोडणाऱ्या व्यासाभोवतीच वळते आहे. गुरुत्वाकर्षण तिला पाडू पाहतं आणि त्या बलाच्या आघूर्णामुळे, म्हणजे वळवण्याच्या परिणामामुळे, हा व्यास टेबलावर गोल फिरत राहतो. हिशेब केला की पातळ, एकसारख्या चकतीसाठी हे सूत्र मिळतं:

फ² = ४ × गु ÷ (त्रि × साइन क)

फ म्हणजे स्पर्शबिंदूचा कोनीय वेग (रेडियन प्रति सेकंद), गु म्हणजे ९.८१, त्रि म्हणजे मीटरमधली त्रिज्या आणि क म्हणजे चकतीचा टेबलाशी असलेला कोन. कोन छेदस्थानी आहे. तो शून्याकडे गेला की फ वाढतच जातो.

७५ मिलिमीटर व्यासाच्या चकतीसाठी आकडे असे येतात: ३० अंशांना सेकंदाला सुमारे ७.३ फेऱ्या, १० अंशांना १२.४, ५ अंशांना १७.४, १ अंशाला ३९ आणि ०.१ अंशाला १२३. आवाज चढत जातो तो यामुळे.

आता चकतीचा स्वतःचा कोनीय वेग बघा. तो फ × साइन क इतका असतो. १० अंशांना तो १३.५ रेडियन प्रति सेकंद आणि १ अंशाला फक्त ४.३. म्हणजे स्पर्शबिंदूच्या फेऱ्या तिपटीहून वाढल्या तेव्हाच चकतीचं खरं वळणं एक तृतीयांशावर आलं. एकूण ऊर्जा १.५ × वस्तुमान × गु × त्रि × साइन क इतकी असते. त्यातला दोन तृतीयांश भाग स्थितिज आणि एक तृतीयांश गतिज. कोनाबरोबर दोन्ही घटतात, त्यामुळे ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाला कुठेही धक्का लागत नाही.

चकतीवरचं चित्र इतकं हळू का फिरतं?

कललेल्या चकतीचा स्पर्शबिंदू टेबलावर जे वर्तुळ काढतो ते चकतीच्या परिघापेक्षा किंचित लहान असतं. एक फेरी पूर्ण झाली की चकती त्या फरकाएवढीच पुढे सरकते. पातळ चकतीसाठी हा फरक फेरीचा (१ − कोसाइन क) इतका भाग. ५ अंशांना तो फेरीमागे १.४ अंश भरतो, म्हणजे सेकंदाला साधारण २४ अंश.

इथे एक गोष्ट बहुतेक स्पष्टीकरणांत सुटते. जाडी असली की वस्तुमान-मध्य खालच्या कडेच्या पातळीपेक्षा वर असतो, आणि चकती कलली की तो स्पर्शबिंदूच्या बाजूला सरकतो. त्यामुळे टेबलावरचं वर्तुळ आणखी लहान होतं आणि फेरीमागच्या फरकात (जाडी ÷ व्यास) × साइन क एवढी भर पडते. ७५ मिमी व्यास आणि १२ मिमी जाडीच्या चकतीला ५ अंशांवर ही भर मूळ फरकाच्या साडेतीन पटींहून जास्त असते. चित्र मग सेकंदाला २४ नव्हे, जवळजवळ ११० अंश फिरतं. पातळ चकतीचं सूत्र वापरून व्हिडिओशी ताडून पाहिलं आणि जुळलं नाही, तर आधी जाडी हिशेबात घ्या.

वजन वाढवलं तर फेऱ्या वाढतील का?

नाही. वरच्या सूत्रात वस्तुमान नाहीच. फेऱ्यांचा वेग ठरतो आकारावर आणि कोनावर. १० रुपयांच्या नाण्याची त्रिज्या १३.५ मिमी, म्हणून १० अंशांना ते सेकंदाला जवळजवळ २१ फेऱ्या मारतं. मोठी चकती १२च मारते.

वजनाने फरक पडतो तो टिकण्यात. १० अंशांना ४०० ग्रॅमच्या चकतीत सुमारे ०.०३८ जूल ऊर्जा असते. ७.७ ग्रॅमच्या नाण्यात ०.०००२७ जूल, म्हणजे जवळजवळ दीडशेपट कमी.

काच इतकी गुळगुळीत असते, मग चकती घसरून निघून का जात नाही?

मध्य स्थिर असेल तर चकतीला आडव्या दिशेने कुठलंच त्वरण नसतं. त्वरण नाही म्हणजे आडवं बलही नाही, आणि घर्षणावाचून काम भागतं. म्हणून गुळगुळीत काचेवर ही हालचाल छान चालते. घर्षण लागतं ते सुरुवातीला, चकती इकडेतिकडे भटकत असताना तिला जागेवर बसवायला.

ऊर्जा जाते तरी कुठे? हवेत की टेबलात?

याच प्रश्नावर खरा वाद झाला. केंब्रिजचे गणितज्ञ कीथ मॉफट यांनी एप्रिल २०००मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. चकती आडवी होत जाते तसा तिच्या आणि टेबलाच्या मधला हवेचा थर पातळ होतो. त्या थरातली हवा सतत इकडून तिकडे ढकलली जाते आणि हवेच्या विष्यंदितेमुळे, म्हणजे चिकटपणामुळे, ऊर्जा उष्णतेत जाते. थर जितका पातळ तितकी ही गळती जास्त. या हिशेबाने कोन हा उरलेल्या वेळेच्या १/३ घातानुसार घटतो आणि फेऱ्यांचा वेग उणे १/६ घातानुसार वाढतो. ४०० ग्रॅम वस्तुमान आणि ३.७५ सेंमी त्रिज्या घेतली, तर ०.१ रेडियन (५.७ अंश) कोनापासून थांबेपर्यंत सुमारे दीड मिनिट लागायला हवं. खेळण्यातली चकती तेवढीच चालते, त्यामुळे हे स्पष्टीकरण पटण्याजोगं वाटलं.

त्याच वर्षी ‘नेचर’मध्येच प्रत्युत्तर आलं. नाणी निर्वातात फिरवली तरी ती फारशी जास्त टिकली नाहीत. हवा हे मुख्य कारण असतं तर फरक मोठा दिसला असता. २००२मध्ये अमेरिकी खगोलभौतिकशास्त्रज्ञ लार्स बिल्डस्टन यांनी हवेचाच हिशेब सुधारला. थर पुरेसा पातळ होण्याआधी ऊर्जा सीमास्तरात, म्हणजे पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ पापुद्र्यात, जाते, असं धरून त्यांना कोनासाठी ४/९ हा घातांक मिळाला. पुढच्या मोजमापांत घरंगळण्यातल्या घर्षणाचं पारडं जड ठरत गेलं. कडेखाली टेबल आणि चकती सूक्ष्म प्रमाणात दबतात, पुन्हा वर येतात, आणि दबताना दिलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही.

आमच्या मते ‘हवा की टेबल’ याला सगळ्या चकत्यांसाठी एकच उत्तर मागणं चुकीचं आहे. लाकडी टेबलावरचं हलकं नाणं आणि जाड काचेवरची जड, चकचकीत चकती यांच्यात ऊर्जेच्या गळतीची वाटणी सारखी असायचं काही कारण नाही. तुमच्या पृष्ठभागाचं उत्तर तुम्हीच मोजून काढू शकता. त्याची रीत पुढे आहे.

सूत्राप्रमाणे शेवटी वेग अनंत व्हायला हवा. तसं होतं का?

होत नाही. मर्यादित वेळात वेग अनंत होणं हे आदर्श समीकरणाचं वागणं आहे. शेवटी शेवटी चकतीचा मध्य इतक्या झपाट्याने खाली येऊ लागतो की त्याला गुरुत्व त्वरणापेक्षा जास्त त्वरण लागेल. टेबल चकतीला खाली ओढू शकत नाही, म्हणून घरंगळण्याचं गृहीतकच तुटतं. मॉफट यांच्या सूत्रात आकडे घातले तर हे सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ उरलेला असताना घडतं. प्रत्यक्षात धूळ, कडेवरचे ओरखडे आणि काचेची थरथर त्याच्याही आधी हालचाल मोडतात. शेवटचा ‘टक्’ त्याचाच.

सुरुवातीला चकती किती वेगाने फिरवावी लागते?

घर्षण नगण्य धरलं तर उभी चकती स्थिर राहायला कोनीय वेगाचा वर्ग ४ × गु ÷ त्रि पेक्षा जास्त लागतो. मोठ्या चकतीला सेकंदाला सुमारे ५ फेऱ्या, १० रुपयांच्या नाण्याला साडेआठ. वेग याखाली आला की ती कलू लागते. मोठ्या चकतीला मात्र उभं फिरवत ठेवायची गरजच नाही.

कोणतं नाणं घ्यावं?

१० रुपयांचं, २७ मिमीचं. ५ रुपयांचं जुनं, ९ ग्रॅमचं जाड नाणं हाती असेल तर तेही चांगलं चालतं. २० रुपयांचं नाणं घेऊ नका. ते १२ कोनी आहे, प्रत्येक कोपऱ्यावर आपटतं आणि लवकर थांबतं. २ रुपयांचं जुनं ११ कोनी नाणंही त्याच कारणाने बाद.

घरी वापरायला चकती करून घ्यायची तर माप काय सांगावं?

लेथवाल्याकडे जा आणि गोल बारमधून ७५ मिमी व्यास, १२ मिमी जाडी अशी चकती कापून मागा. पोलादात तिचं वजन ४१५ ग्रॅमच्या आसपास भरतं. स्टेनलेस स्टील असेल तर गंजाची काळजी नाही. दोन्ही तोंडं एकाच पकडीत किंवा काळजीपूर्वक समांतर फेस करायला सांगा, आणि मध्ये भोक पाडू देऊ नका.

सगळा जीव कडेत आहे. धारदार कड काचेवर ओरखडे काढते आणि स्वतःही टवके पडून खराब होते. दोन्ही कडांना १ ते २ मिमी त्रिज्येची गोलाई द्या. मग चकती लेथवर फिरती ठेवून ४००, ८०० आणि १२०० नंबरचा पॉलिश पेपर लावा, शेवटी बफ. नख फिरवून रेघ जाणवली तर काम अपुरं आहे.

गोलाई दिली की चकती प्रत्यक्ष टेकते ते वर्तुळ किंचित लहान होतं. २ मिमी गोलाई आणि १२ मिमी जाडी दोन्ही धरली तर मोजलेली वारंवारता वरच्या पातळ चकतीच्या आकड्यांपेक्षा चार-पाच टक्के कमी येते. ही चूक नाही, ती यायलाच हवी.

खाली काय ठेवायचं?

१० ते १२ मिमी जाडीची टफन्ड काच, कडा घासलेली, साधारण ३० सेंमी चौरस. पातळ काच वापरू नका. ४०० ग्रॅमची चकती हातातून सुटली तर ती फुटते. काच थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा फरशीवर बसवा. खाली कापड किंवा फोम घातला तर काचच हलू लागते आणि ऊर्जा तिकडे मुरते. काच डुगडुगत असेल तर कोपऱ्यांखाली कागदाचे तुकडे सरकवून ती पक्की बसवा.

मग स्पिरिट लेव्हल दोन दिशांनी लावून पाहा. ३० सेंमीत १ मिमीचा उतार म्हणजे ०.१९ अंश. शेवटच्या टप्प्यात चकतीचा स्वतःचा कोनच तेवढा असतो, म्हणून एवढ्या उतारानेही ती सरकत जाते. विकतच्या संचात किंचित खोलगट आरसा देतात तो याचसाठी, चकती आपोआप मध्याकडे परत येते. मोजमाप करायचं असेल तर मात्र सपाट काचच बरी, कारण सूत्रं सपाट पृष्ठभागाची आहेत.

चकती फिरवायची कशी?

काच आणि कड मऊ सुती कापडाने कोरडी पुसा. बोटांचा तेलकटपणा राहिला तर आवाज बदलतो आणि चकती अडखळते. चकती ७०-८० अंशांवर उभी धरा. एका हाताच्या तर्जनीचा वरच्या कडेला हलका आधार द्या आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीने तिला पीळ द्या. पीळ देतानाच दोन्ही हात वर घ्या. पुढे ढकलू नका. जोर कमी चालेल, पण मध्य जागेवर राहिला पाहिजे.

चकती लवकर थांबते किंवा खडखडते. काय चुकतंय?

आवाज ऐका. फेरीत ठरावीक ठिकाणी ‘टक’ येत असेल तर दोष कडेत किंवा काचेत आहे. काच थोडी फिरवून ठेवा आणि पुन्हा ऐका. ‘टक’ काचेबरोबर सरकला तर काचेवर कण किंवा ओरखडा आहे, नाहीतर कडेवर टवका आहे. कडेचा टवका बारीक पेपरने काढता येतो, काचेचा ओरखडा निघत नाही.

चकती एकाच दिशेने भटकत असेल तर लेव्हल तपासा. प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेने जात असेल तर तुमचा हात तिला ढकलतो आहे. आवाज शेवटपर्यंत चढलाच नाही आणि चकती मधेच बसकण मारून थांबली, तर पृष्ठभाग मऊ आहे. सनमायका लावलेल्या टेबलावर हे नेहमी होतं. चकतीवर स्टिकर किंवा लोहचुंबक चिकटवला असेल तर काढा. वस्तुमान-मध्य सरकला की डगमगणं असमान होतं.

मोबाइलने मोजता येतं का?

येतं, आणि चांगलं येतं. मोबाइल काचेच्या शेजारी पण काचेला न टेकवता ठेवा आणि आवाज वेव्ह फाइल म्हणून नोंदवा. ‘फायफॉक्स’ हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत अॅप किंवा संगणकावरचं ‘ऑडॅसिटी’ यासाठी पुरतं. कानाला ऐकू येणारा सूर म्हणजे फेऱ्यांची वारंवारता, असं लगेच समजू नका. काच आणि चकती आपापल्या सुरात वाजतात आणि फेऱ्यांमुळे तो आवाज लहानमोठा होत राहतो. म्हणून तरंगाच्या आवरणातली, म्हणजे आवाजाच्या चढउताराच्या बाह्यरेषेतली, शिखरं मोजा, दोन शिखरांमधला वेळ म्हणजे एक फेरी.

व्हिडिओने पडताळा घ्या. सेकंदाला २४० चौकटी टिपणारा स्लो मोशन असेल तर १० अंशांवर एका फेरीला १९ चौकटी मिळतात, १ अंशावर ६, आणि ०.१ अंशावर जेमतेम २. शेवटच्या भागासाठी आवाजावरच भिस्त ठेवावी लागते.

कोन मोजायला चकतीचं चकचकीत तोंड कामी येतं. अंधाऱ्या खोलीत अरुंद झोताची टॉर्च जवळजवळ उभी वरून चकतीवर धरा. परावर्तित ठिपका छतावर वर्तुळ काढतो. परावर्तनामुळे कोन दुप्पट होतो, म्हणून वर्तुळाची त्रिज्या = छताची उंची × टॅन (२ × क). छत चकतीपासून २ मीटरवर असेल तर ५ अंशांना ३५ सेंमी, १ अंशाला ७ सेंमी. लेझर पॉइंटर वापरू नका. झोत सगळीकडे फिरतो आणि डोळ्यात जाऊ शकतो.

या नोंदींवरून ऊर्जा कुठे गेली हे कसं ओळखायचं?

लॉग-लॉग (दोन्ही अक्षांवर लॉगरिदम घेतलेला) आलेख काढून उतार पाहायचा, हा सरधोपट मार्ग फसवतो. त्यासाठी थांबण्याचा क्षण अचूक माहीत हवा आणि त्यात थोडी चूक झाली तरी उतार भलताच येतो. त्याऐवजी वारंवारतेचे वेगवेगळे ऋण घात काढून वेळेसमोर मांडा. जो आलेख सरळ रेषेत उतरेल तो घात बरोबर, आणि थांबण्याचा क्षण आधी ठरवावा लागत नाही.

उणे ३ घात सरळ आला तर घरंगळण्याला होणारा विरोध स्थिर आहे. उणे ४ आला तर तो विरोध वेगाच्या प्रमाणात वाढतो आहे. उणे ४.५ हा बिल्डस्टन यांच्या सीमास्तराचा आणि उणे ६ मॉफट यांच्या हवेच्या थराचा. ४ आणि ४.५ यांच्यात घरच्या नोंदींवरून निवाडा करू नका, तेवढी अचूकता मिळत नाही. ३ आणि ६ मधला फरक मात्र स्पष्ट दिसतो. पहिल्या काही सेकंदांच्या नोंदी वगळा, तेव्हा मध्य अजून स्थिर झालेला नसतो. तीच चकती काचेवर, ग्रॅनाइटवर आणि लाकडावर फिरवून तिन्ही आलेख शेजारी ठेवा.

बांगडी किंवा ताट फिरवलं तर हीच सूत्रं लागू होतात का?

आकार बदलला की जडत्व आघूर्ण, म्हणजे वस्तूचा फिरण्याला होणारा विरोध, बदलतं, आणि सूत्रातला ४ हा आकडा त्याच्याशी बांधलेला आहे. बांगडीचं सगळं वस्तुमान कडेला असतं, तिथे ४ च्या जागी २ येतो. ६ सेंमी व्यासाची धातूची बांगडी १० अंशांना सेकंदाला सुमारे १० फेऱ्या मारते, तेवढ्याच व्यासाची भरीव चकती १४. बांगडीखाली हवेचा बंद थर नसल्याने हवेचा वाटा तपासायला ती भरीव चकतीशी ताडून पाहावी. ताटाला उभी कड असते, ते पालथं पडलं की सुलटं, यावरही टेकण्याचं वर्तुळ बदलतं. २८ सेंमीच्या सपाट ताटाला १० अंशांवर सेकंदाला सहाएक फेऱ्या पडतात.

हवेत फेकलेली ताटली डगमगते ती हीच हालचाल का?

नाही. हवेतल्या ताटलीला टेकायला काही नसतं आणि गुरुत्वाकर्षण तिच्यावर आघूर्ण लावत नाही. पातळ ताटली थोडीच कललेली असेल तर तिचं डगमगणं फिरण्याच्या दुप्पट वेगाने होतं, आणि हे प्रमाण ठरलेलं असतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या उपाहारगृहात उडवलेल्या ताटलीवरून रिचर्ड फाइनमन यांनी याचाच हिशेब मांडला होता. टेबलावरच्या चकतीत असं ठरलेलं प्रमाण नसतं. तिथे फिरणं आणि डगमगणं यांचं नातं कोनाबरोबर सतत बदलत जातं.